कागद तपासला, कंटेनर कुणी पाहिला? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

फेब्रुवारी २०२५

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मध्यवर्ती कार्यालय,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई

प्रत: महसूल सचिव, केंद्रीय अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: मालवाहतुकीच्या भाड्याच्या नावाखाली परदेशी जाणारा पैसा आणि बँकांवरची अपुरी देखरेख

महोदय,

जानेवारीच्या सुरुवातीला सक्तवसुली संचालनालयानं मुंबई, ठाणे आणि वाराणसीत छापे घातले. ठाणे पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यावरून हा तपास सुरू झाला. संचालनालयाचं म्हणणं असं, की मालवाहतुकीचं भाडं, म्हणजे फ्रेट, चुकतं करायचं आहे असं दाखवून १०,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम हाँगकाँग, सिंगापूर आणि थायलंडमधल्या कंपन्यांना पाठवली गेली. त्यासाठी ९८ बोगस भागीदारी संस्था आणि १२ खासगी कंपन्या उभ्या केल्या होत्या आणि या साऱ्यांची मिळून २६९ बँक खाती होती. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. पण हा पैसा पोत्यात भरून कुणी गलबतातून नेला असं कुणाचंच म्हणणं नाही. तो बँकांतूनच गेला. फॉर्म भरला गेला, शिक्का बसला, स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून, संदेश सुटला.

आम्ही बँकांच्या परकीय चलन विभागांत काम करणारी आणि तिथून निवृत्त झालेली माणसं आहोत. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम १०(५) प्रमाणे डॉलर विकण्याआधी ग्राहकाकडून घोषणापत्र घ्यायचं आणि व्यवहार खरा असल्याची वाजवी खात्री करून घ्यायची, ही जबाबदारी बँकेवर आहे. बँक म्हणजे प्रत्यक्षात फॉरेक्स डेस्कवर बसलेला अधिकारी आणि त्याच्यावरचा शाखाधिकारी. प्रकरण फुटतं तेव्हा कागदावर सही त्यांचीच सापडते. म्हणून या विषयावर बोलण्याचा आमचा हक्क आहे आणि गप्प न बसण्याचं कारणही तेच आहे.

आमची मुख्य तक्रार सुरुवातीलाच सांगतो. गेल्या दहा वर्षांत प्रत्येक मोठ्या प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेनं तेवढीच एक फट बुजवली. शेजारची फट तशीच राहिली आणि पैसा तिकडून गेला. बैल गेला आणि झोपा केला, हे एकदा घडलं तर समजू शकतो. इथे बैलामागून बैल गेले आहेत.

२०१५ सालच्या दिल्लीतल्या अशोक विहार प्रकरणाकडे आज पुन्हा पाहायला हवं. बँक ऑफ बडोदाच्या त्या शाखेतून आयातीच्या आगाऊ रकमेच्या नावाखाली पैसा हाँगकाँगला गेला. सीबीआयच्या गुन्ह्यात ५९ करंट खाती आणि सुमारे ६,००० कोटींचा आकडा होता. बँकेनं स्वतः जाहीर केलेला हिशेब वेगळा होता: मे २०१४ ते ऑगस्ट २०१५ या काळात ३८ खात्यांतून ५,८५३ रेमिटन्स (परदेशी पैसे पाठवण्याचे व्यवहार), एकूण ५४.६१ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास ३,५०० कोटी रुपये. एका शाखेतून किती पैसा बाहेर गेला यावर तपास यंत्रणा आणि बँक यांचं एकमत होऊ नये, इथूनच देखरेखीची अवस्था कळते.

बँकेचाच आकडा धरून भागाकार केला तर प्रत्येक रेमिटन्स सरासरी ९३ हजार डॉलरचा निघतो. कामाच्या प्रत्येक दिवशी असे चौदा-पंधरा. रक्कम १ लाख डॉलरच्या आत का ठेवली जात होती, हे आयातीचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. त्या वेळच्या आपल्या आयातविषयक मास्टर सर्क्युलरमध्ये लिहिलं होतं, की १ लाख डॉलर किंवा त्याहून कमी रकमेच्या आयातीचा पुरावा मिळवण्यासाठी बँकेनं पाठपुरावा केला नाही तरी चालेल, फक्त व्यवहाराच्या खरेपणाबद्दल आणि ग्राहकाबद्दल तिची खात्री पटलेली असावी. सवलत लहान आयातदारांसाठी होती. तिचा हेतू चांगला होता, पण मर्यादा प्रत्येक व्यवहाराला लावलेली होती. एकाच पक्षानं दिवसात चार, महिन्यात शंभर रेमिटन्स केले तर काय, याचं उत्तर त्या परिच्छेदात नव्हतं. कायदा मोडणाऱ्यांनी तो परिच्छेद आपल्यापेक्षा बारकाईनं वाचला.

तिथे धोक्याच्या खुणा लपलेल्याही नव्हत्या. खाती नवी होती. त्यांत मोठ्या रोख रकमा येत होत्या. शाखेच्या संगणकात आपोआप तयार होणारे अपवादात्मक व्यवहारांचे अहवाल कुणी पाहत नव्हतं, संशयास्पद व्यवहारांचे अहवाल वर जात नव्हते. काजू, डाळ, तांदूळ आयात करायचे म्हणून पैसे गेले आणि माल आलाच नाही. संचालनालयानं तेव्हा सांगितलेली पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे: बाहेर गेलेल्या पैशांतला काही भाग निर्यातीची रक्कम म्हणून परत आणायचा, निर्यातीची किंमत फुगवून दाखवायची आणि त्यावर सरकारकडून ड्यूटी ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातीवर मिळणारा शुल्काचा परतावा, घ्यायचा. म्हणजे चलन तर गेलंच, वर तिजोरीतून बक्षीसही गेलं.

त्यानंतर आपण काय केलं? २०१६ च्या जुलैमध्ये १३ बँकांना मिळून २७ कोटी रुपयांचा दंड झाला. त्यात बँक ऑफ बडोदाला ५ कोटी. सीबीआयच्या ६,००० कोटींच्या आकड्याशी ताडून पाहिलं तर हजार रुपयांमागे ८३ पैसे. समजा बँकेनं डॉलरमागे १० पैसे जरी कमावले असतील, तरी तिच्याच ५४.६१ कोटी डॉलरच्या हिशेबात उत्पन्न ५ कोटी ४६ लाख होतं. दंडाहून जास्त. स्विफ्टचं शुल्क आणि खात्यात पडून राहिलेली रक्कम यांचा फायदा त्यात धरलेलाच नाही.

त्याच वर्षी १० ऑक्टोबरपासून आयडीपीएमएस ही संगणकीय प्रणाली सुरू झाली. हे काम उत्तम झालं आणि त्याचं श्रेय रिझर्व्ह बँकेला मनापासून देतो. आयातीसाठी गेलेल्या प्रत्येक रेमिटन्सची नोंद तिथे होते, कस्टम्सकडून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे माल देशात आल्याच्या कागदाची, माहिती थेट येते, दोन्हींची जोडणी झाली नाही तर ती नोंद उघडी राहते. त्याआधी बिल ऑफ एंट्रीचा कागद ग्राहकच आणून द्यायचा आणि तो खरा की खोटा हे कळायला बँकेकडे सोपी वाट नव्हती. सुरतेत २०१४ साली बनावट बिल ऑफ एंट्रीवर हजारो कोटी गेल्याचं प्रकरण उघड झालं होतं, ते याच कारणानं. ती फट आता बरीचशी बुजली आहे.

पण बिल ऑफ एंट्री मालाची असते. सेवेची नसते.

सॉफ्टवेअर, सल्ला, जाहिरात, वाहतूक यांतलं काहीच कस्टम्सच्या फाटकातून जात नाही. त्यामुळे सेवेसाठी गेलेल्या डॉलरची जोडणी कशाशी करायची, याचं उत्तर आयडीपीएमएसकडे नाही. शिवाय मालाच्या आयातीसाठी २ लाख डॉलरच्या वर आगाऊ रक्कम पाठवायची तर परदेशी बँकेची हमी मागायची असा सर्वसाधारण नियम आहे. सेवेच्या बाबतीत हीच मर्यादा ५ लाख डॉलर आहे. जिथे पडताळणी अवघड, तिथेच सवलत मोठी. मालाचा दरवाजा २०१६ साली बंद झाल्यावर भाड्याच्या खिडकीपाशी गर्दी होणार, हे ओळखायला गुप्तहेर लागत नव्हता.

आता ठाण्याच्या प्रकरणातला आकडा जरा मालवाहतुकीच्या भाषेत मांडून पाहू. १०,००० कोटी रुपये म्हणजे सुमारे १२० कोटी डॉलर. पूर्वेकडच्या बंदरातून न्हावा शेव्याला येणाऱ्या ४० फुटी कंटेनरचं भाडं, समजा, ३,००० डॉलर धरलं तर ही रक्कम ४ लाख कंटेनरांचं भाडं झाली. बंदराच्या मापात ८ लाख टीईयू, म्हणजे २० फुटी कंटेनर. न्हावा शेवा बंदर चालवणाऱ्या जेएनपीएनं २०२३-२४ या अख्ख्या वर्षात सुमारे ६४ लाख टीईयू हाताळले. पैसा एका वर्षात गेला नसेल हे मान्य, तरीही न्हावा शेव्याच्या वर्षभराच्या कामाच्या आठव्या हिश्श्याएवढे कंटेनर काही मोजक्या, कुणी कधी नाव न ऐकलेल्या संस्थांनी आणले असा याचा अर्थ होतो. एवढा माल उतरला असता तर उरणच्या रस्त्यावर तो दिसला असता. हा गुणाकार करायला एका अधिकाऱ्याला अर्धा तास लागतो. तो करायचा कुणी, हे मात्र कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नाही.

हा पैसा जातो कसा, हे वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आधी कागदावरची संस्था. भागीदारी करार, पॅन, भाडेकरार आणि विजेच्या बिलावर जीएसटी नोंदणी, ५०० रुपये भरून ऑनलाइन मिळणारा आयात-निर्यात कोड. भागीदार म्हणून, महिन्याला थोडे पैसे देऊन ज्यांची सही घेता येते अशी माणसं. मग करंट खातं. २०२० च्या ऑगस्टमध्ये आपण करंट खात्यांवर निर्बंध आणले, पण ते कर्ज घेतलेल्यांसाठी. ज्या संस्थेनं कुठूनही कर्जच घेतलेलं नाही, तिला पाच बँकांत पाच खाती उघडता येतात आणि बोगस संस्था कर्ज कधीच घेत नाही. खातं उघडलं की आरटीजीएसनं पैसे येतात, त्याच दिवशी पुढच्या खात्यात जातात, तिथून आणखी पुढे. दिवसाअखेर शिल्लक नगण्य. शेवटच्या खात्यावरून परदेशी रेमिटन्सची विनंती येते. सोबत परकीय चलन मागण्याचा फॉर्म ए-२, भाड्याचं इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंगची (जहाजावर माल चढल्याच्या पावतीची) प्रत आणि प्राप्तिकराचा फॉर्म १५सीए. रक्कम करपात्र नाही असं ग्राहकानं स्वतः जाहीर केलं की त्या फॉर्मचा शेवटचा भाग भरून काम होतं. काही महिन्यांनी खातं शांत होतं आणि पुढच्या नावानं नवीन सुरू होतं.

यात अडवायच्या जागा आहेत, तेही दहा मिनिटांत अडवता येईल अशा. भाड्याचं इन्व्हॉइस आलं की आम्ही आमच्या नव्या सहकाऱ्यांना काय पाहायला सांगतो ते इथे मुद्दाम लिहितो, कारण ही यादी आपल्या कुठल्याही परिपत्रकात अशी सलग सापडत नाही.

बिल ऑफ लेडिंगवर 'फ्रेट प्रीपेड' छापलं आहे की 'फ्रेट कलेक्ट'? प्रीपेड असेल तर भाडं माल चढला तिथेच भरलं गेलं आहे. मग भारतातली संस्था कसले पैसे पाठवते? मालाचं इन्व्हॉइस सीआयएफ, म्हणजे किंमत, विमा आणि भाडं धरून, असेल तर भाडं किमतीतच आलं. ते पुन्हा वेगळं द्यायचं कारण काय?

कंटेनर नंबर घ्या. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक तपासणी अंक. हा शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून ठरलेल्या गणितानं निघतो. मनानं रचलेला नंबर या गणितात बहुतेक वेळा नापास होतो. पास झाला तर जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तो कंटेनर त्या तारखेला कुठे होता ते पाहता येतं. खऱ्या नंबराची चोरी इथे पकडली जाते: कंटेनर खरा असतो, पण त्या महिन्यात तो दुसऱ्याच खंडात फिरत असतो. जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक तसाच तपासता येतो. माल भारतात आला असेल तर त्याची नोंद बंदरात दाखल झालेल्या मालाच्या यादीत, म्हणजे आयजीएममध्ये, असलीच पाहिजे.

पैसे कुणाला चालले आहेत? मोठ्या जहाज कंपन्यांचे एजंट मुंबईत बसतात आणि भाडं सहसा रुपयांत घेतात. फ्रेट फॉरवर्डर, म्हणजे मालवाहतूक जमवून देणारा मध्यस्थ, असेल तर त्याची नोंदणी नौवहन महासंचालनालयाकडे, १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्याखाली, आहे का ते विचारा. समोरची कंपनी हाँगकाँगची असेल तर तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाची माहिती थोडं शुल्क भरून कुणालाही ऑनलाइन मिळते. कंपनी तीन महिन्यांपूर्वी जन्मली असेल, भांडवल नाममात्र असेल आणि एकाच पत्त्यावर अशा अनेक असतील, तर आणखी काय पाहायचं राहतं?

आता आपल्याविरुद्धच्या तक्रारींतली सगळ्यात गंभीर. हा सगळा डेटा आपल्याकडे आणि सरकारकडे आहे. ५ लाखांवरच्या सीमापार प्रत्येक हस्तांतराचा अहवाल बँका दर महिन्याला, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, वित्तीय गुप्तवार्ता विभागाला देतात. रेमिटन्सचा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी गेले ते सांगणारा क्रमांक, रिझर्व्ह बँकेकडे नोंदला जातो. पण एखाद्या बँकेच्या अधिकाऱ्यानं विचारलं, की या पॅनवर या महिन्यात इतर बँकांमधून फ्रेटच्या नावाखाली किती डॉलर गेले, तर त्याला उत्तर मिळण्याची सोय नाही.

अशी सोय करणं अशक्य आहे म्हणावं, तर ती दुसरीकडे आहे. एप्रिल २०१८ पासून व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या एलआरएस योजनेत प्रत्येक व्यवहाराची रोजच्या रोज, पॅनप्रमाणे नोंद होते आणि कुठल्याही अधिकृत बँकेला ती पाहता येते. सोलापूरची एखादी आई मुलाच्या जर्मनीतल्या फीसाठी पैसे पाठवते, तेव्हा तिनं २,५०,००० डॉलरच्या मर्यादेतले किती वापरले हे दुसऱ्या बँकेला क्षणात कळतं. ठरावीक मर्यादेच्या वर रक्कम गेली की तिच्याकडून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा केलेला कर, घेतला जातो. २६९ खात्यांच्या जाळ्याला मात्र अशी नोंदवही लागू नाही. त्या आईवर नजर ठेवायला आमची हरकत नाही. तीच नजर कंपन्यांवर का नाही, याचं उत्तर हवं आहे.

लहान निर्यातदारांचंही तेच. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराची रक्कम येताना परदेशी बँकेनं पंचवीस-तीस डॉलर कापले, तर शिपिंग बिल आणि आलेली रक्कम जुळत नाही म्हणून ती नोंद उघडी राहते आणि तो शाखेत खेपा घालतो. आम्ही त्याच्याकडून पत्रं मागतो, कारण प्रणाली आम्हाला मागायला लावते. आमचा दिवस अशा तीस डॉलरांमागे संपतो. लाख डॉलरचं खोटं भाडं तपासायला त्यातून वेळ उरत नाही. लहानांना जाच आणि मोठ्यांना वाट, ही तक्रार गावोगावचे व्यापारी आमच्या तोंडावर करतात आणि आमच्याकडे उत्तर नसतं.

दंडाबद्दल आणखी एक. फेमाच्या कलम ११(३) खाली अधिकृत बँकेनं आपल्या सूचना मोडल्या तर रिझर्व्ह बँक किती दंड करू शकते? १०,००० रुपये. गुन्हा चालू राहिला तर रोज २,००० रुपये. कायदा १ जून २००० पासून लागू आहे. त्यामुळे आपल्याला बँकिंग नियमन कायद्याचा आधार घेऊन कोटीतला दंड करावा लागतो आणि त्या आदेशाच्या प्रसिद्धिपत्रकात ठरलेलं वाक्य येतं, की ही कारवाई नियमपालनातल्या त्रुटींबद्दल आहे, व्यवहारांच्या वैधतेवर भाष्य करण्याचा हेतू नाही. कुठली शाखा, किती व्यवहार, कुठली तपासणी चुकली, यातलं काही कळत नाही. दुसऱ्या बँकेनं यातून शिकायचं काय?

आपली सूचना गेली म्हणजे काम झालं, असंही नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतलं नीरव मोदी प्रकरण बाहेर आलं, तेव्हा आपण सांगितलं होतं, की स्विफ्टच्या गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून बँकांना निदान तीन वेळा सावध केलं होतं. म्हणजे इशारा दिला गेला, पण तो पाळला जातो आहे का हे दीड वर्ष पाहिलं गेलं नाही. स्विफ्टचे संदेश बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीला न जोडता सुटत होते, रत्न-आभूषणांच्या आयातीला ९० दिवसांची मुदत असताना वर्षभराची हमीपत्रं (परदेशी कर्जासाठीची लेटर ऑफ अंडरटेकिंग) दिली जात होती, आणि ती देणारा अधिकारी सुमारे सात वर्षं त्याच शाखेत होता. यातलं काहीही शोधायला छापा लागत नव्हता. एका दिवसाचे स्विफ्ट संदेश आणि त्याच दिवसाच्या खातेनोंदी शेजारी ठेवल्या असत्या तरी पुरे होतं. नंतर १३ मार्चला आयातीची हमीपत्रं सरसकट बंद झाली आणि प्रामाणिक लहान आयातदारांचं स्वस्त परदेशी कर्जही त्यात गेलं. पुढच्या वर्षी स्विफ्टबाबतच्या सूचना न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटींचा दंड झाला. हे वेळीच झालं असतं तर?

आमच्या मागण्या अशा:

१. फ्रेटसाठी जाणाऱ्या रेमिटन्सला आयडीपीएमएससारखी जोडणी लागू करा. बिल ऑफ लेडिंगचा क्रमांक, कंटेनर नंबर आणि आयजीएम क्रमांक भरल्याशिवाय संदेश सुटूच नये, आणि ही माहिती कस्टम्सच्या नोंदीशी संगणकानंच ताडावी. एकच बिल ऑफ लेडिंग दोन बँकांत वापरलं गेलं तर दुसऱ्या बँकेत तिथल्या तिथे अडलं पाहिजे. बाकीच्या सेवांसाठी वेगळी पद्धत लागेल, ती चर्चेनं ठरवा. पण फ्रेटला थांबण्याचं कारण नाही, कारण त्याचा माल दिसतो.

२. एलआरएसच्या धर्तीवर कंपन्या आणि भागीदारी संस्थांच्या परदेशी रेमिटन्सची पॅनप्रमाणे रोजची नोंद सगळ्या बँकांना दिसू द्या. मर्यादा व्यवहाराला न लावता पक्षाच्या एकूण रकमेला लावा. पैसे घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या नावानंही बेरीज व्हावी. एकाच हाँगकाँगच्या कंपनीला भारतातल्या वीस अनोळखी संस्था पैसे पाठवत असतील, तर ते कुठल्याही एका शाखेला दिसत नाही. आपल्याला दिसू शकतं.

३. नव्या करंट खात्यातून पहिले सहा महिने परदेशी रेमिटन्स जायचा असेल तर शाखेबाहेरच्या अधिकाऱ्याची मंजुरी आणि धंद्याच्या जागेला प्रत्यक्ष भेट सक्तीची करा. भेटीचा फोटो कचेरीच्या पाटीचा नको, आतल्या कामाचा हवा. कर्ज नसलेल्या संस्थांनाही अनेक बँकांत करंट खाती उघडण्यावर निर्बंध लावा.

४. सेवेच्या आगाऊ रकमेसाठी असलेली ५ लाख डॉलरची विनाहमी मर्यादा निदान तीन वर्षांहून कमी वयाच्या संस्थांसाठी खाली आणा.

५. कलम ११(३) मधला १०,००० रुपयांचा दंड बदलण्याचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवा आणि तो पाठवल्याचं जाहीर करा. हे अर्थ मंत्रालयाचं काम आहे, म्हणून या पत्राची प्रत तिकडे आहे.

६. दंडाच्या आदेशात व्यवहारांची संख्या, रक्कम, काळ आणि चुकलेली तपासणी छापा. ग्राहकांची नावं नकोत.

७. फॉरेक्स डेस्कवर तीन वर्षांहून जास्त कुणाला ठेवू नये, हे कागदावर आहे. पाळलं जातं का ते आपल्या तपासणी पथकांनी दर वर्षी नावानिशी पाहावं. त्याच वेळी, ज्या अधिकाऱ्यानं रेमिटन्स अडवला त्याची पुढच्या सहा महिन्यांत बदली झाली असेल तर कारण विचारावं. शाखेला परकीय चलनाच्या उत्पन्नाचं लक्ष्य आणि त्याच शाखेला तपासणीची जबाबदारी, ही सांगड मोडा. मोठा ग्राहक दुसऱ्या बँकेत जाईल या भीतीनं दुपारी चार वाजता वरून येणारा फोन हा आमच्या कामातला नेहमीचा अनुभव आहे, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. असा फोन आला तर तो लेखी द्यावा लागेल एवढा एक नियम केलात, तरी निम्मे फोन बंद होतील.

८. लहान निर्यातदारांच्या किरकोळ फरकाच्या नोंदी बँकेच्या पातळीवर, ग्राहकाला न बोलावता, बंद करण्याची मुभा द्या. वाचलेला वेळ पहिल्या दोन मागण्यांना लागेल.

यातल्या बहुतेक मागण्यांना संसदेत जावं लागत नाही. पाचवी सोडली तर बाकी सगळं आपल्या परिपत्रकानं होण्यासारखं आहे आणि पहिल्या दोन मागण्यांसाठी लागणारा डेटा आजही गोळा होतोच आहे. ठाण्याचं प्रकरण अजून तपासात आहे, त्यामुळे त्यात कुठल्या बँकेचं काय चुकलं यावर आपण आत्ता बोलू शकत नसाल, हे आम्ही समजतो. पण कुठल्या पर्पज कोडखाली आज किती पैसा जातो आहे आणि त्यातला किती पहिल्या वर्षातल्या खात्यांमधून जातो आहे, हे पाहायला तपास संपण्याची वाट बघावी लागत नाही. ती बेरीज या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत करावी आणि बँकांपुढे ठेवावी. कुठल्या शाखांचे आकडे आधी पाहायचे हे ठरवायला आमच्यापैकी कुणाची मदत लागली, तर आम्ही फोर्टला यायला तयार आहोत.

आपले,
परकीय चलन विभागांत काम करणारे आणि निवृत्त झालेले काही बँक कर्मचारी
मुंबई, ठाणे, पुणे